वाचकांचे प्रश्न : वसंतारंभीचे थंड पाणी, बास आणि आपला मरळ

प्रश्न : मी सोलापुरातील शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून लहानपणापासून हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकत आलो आहे. माझा मुलगा अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या दक्षिण भागात राहतो. त्याच्या घराजवळच्या तलावात बास नावाचा मासा आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या आरंभी तो तीन आठवडे रोज पहाटे रॉड घेऊन गेला, परंतु एकही मासा लागला नाही. यंदा मार्चच्या अखेरीस आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी तिकडे जात आहोत. हा मासा त्या दिवसांत कोठे असतो, कोणत्या वेळी लागतो आणि त्यासाठी काय वापरावे, हे सविस्तर सांगावे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाला पहाटेची सवय बहुधा हिप्परग्याच्या काठावर आपल्याबरोबर बसूनच लागली असावी. सोलापुरात ती योग्यच आहे, कारण फेब्रुवारी सरताच येथे दुपारचे ऊन पाण्यावर ठाण मांडते आणि मासा खोलात किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत जातो. मिशिगनमध्ये एप्रिलच्या आरंभी मात्र याच्या नेमके उलट घडते. तेथे तलावावरचा बर्फ नुकताच वितळलेला असतो, रात्रभर पाणी निवत राहते आणि पहाट ही पाण्याची सर्वांत थंड वेळ ठरते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी मुलीकडे त्याच राज्यात एप्रिल महिना काढला. पहिले दहा दिवस पहाटे उठून जात होतो आणि रिकाम्या हाताने परतत होतो. अकराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास सहज गेलो आणि पाऊण तासात दोन मासे लागले. दुसऱ्या दिवसापासून मी दोरीला बांधलेला साधा तापमापक बरोबर नेऊ लागलो आणि तेव्हा कुठे त्या तलावाचे मला काही कळू लागले.

मासा थंड रक्ताचा प्राणी असल्याने भोवतालचे पाणी जितके थंड, तितके त्याचे शरीर मंद चालते. थंड पाण्यात खाल्लेले पचायला त्याला बराच वेळ लागतो, त्यामुळे भूक कमी असते, आणि भक्ष्यामागे धावण्यात शक्ती घालवणे त्याला परवडत नाही. अशा वेळी तो अगदी तोंडापुढे आलेले आणि सावकाश हलणारे भक्ष्यच घेतो. आपल्या मुलाचे आमिष चांगलेच असेल, परंतु ते माशापासून दूर पडत असेल किंवा वेगाने ओढले जात असेल, तर तीन आठवडे रिकामे जाण्यात नवल नाही.

आता मासा कोठे असतो ते पाहू. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. म्हणून हिवाळ्यात बर्फाखालच्या तलावात तळाचे पाणी साधारण ४ अंशांचे असते आणि त्याहून थंड पाणी वर, बर्फाला लागून राहते. बर्फ वितळल्यावर वरचा थर तापत तापत ४ अंशांवर आला की वर-खाली सगळीकडे पाणी सारख्याच वजनाचे होते आणि वारा त्याला सहज घुसळून काढतो. ही घुसळण होऊन गेल्यावर सूर्य प्रथम उथळ पाणी तापवतो. उथळ पाण्यातही सर्वांत आधी तापतो तो तलावाचा उत्तर किनारा. सूर्य दक्षिणेकडून तिरपा येत असल्याने त्या काठावर ऊन अधिक वेळ पडते, उत्तरेचा थंड वारा काठावरची झाडे व चढ अडवून धरतात, आणि दक्षिणेचा वारा सुटला तर तो वरचे ऊबदार पाणी त्याच काठाकडे ढकलून आणतो. त्यात तळ काळ्या चिखलाचा असेल, काठाला मोठे दगड किंवा बुडालेला ओंडका असेल, तर ऊन शोषले जाऊन आसपासचे पाणी आणखी एखाद-दोन अंशांनी चढते. आपल्याला हा फरक किरकोळ वाटेल, परंतु ८ अंशांच्या तलावात १० अंशांचा एक कोपरा म्हणजे माशाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट असते.

बास मात्र हिवाळ्यातील खोल जागेवरून थेट काठाशी येत नाही. तो टप्प्याटप्प्याने सरकतो. जेथे उथळ पठार संपून तळ एकदम खोल उतरतो, त्या उताराच्या कडेला आणि पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकांवर तो थांबतो. ऊन पडले की तेथून वर येतो, गारठा पडला की पुन्हा उतारावरून खाली जातो. म्हणून लागोपाठ तीन-चार दिवस उबदार गेले असतील तर काठाजवळ आणि आदल्या रात्री उत्तरेचा वारा सुटून तापमान घसरले असेल तर उताराच्या कडेला आमिष टाकावे, हे धोरण मला सर्वांत उपयोगी पडले. मागच्या वर्षीच्या पाणवनस्पती जेथे अजून हिरव्या राहिल्या असतील, ती जागा तर सोडूच नये.

तापमानाचा अंदाज असा ठेवावा. पाणी ४ ते ७ अंश असेपर्यंत मासा लागणे कठीण असते, आणि लागला तरी खोल उताराजवळच लागतो. ९-१० अंशांना बास खऱ्या अर्थाने खाऊ लागतो. १० ते १५ अंशांचा काळ सर्वांत चांगला, कारण अंडी घालण्यापूर्वी अंगात बळ साठवण्यासाठी, विशेषतः माद्या, भरपूर खातात आणि वर्षातील सर्वांत वजनदार मासे याच दिवसांत मिळतात. दक्षिण मिशिगनमध्ये हा काळ साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत येतो, म्हणजे आपला मुक्काम अगदी योग्य वेळी आहे. पाणी १५ अंशांच्या पुढे गेले की नर काठाजवळ घरटी करू लागतात. त्याविषयी पुढे लिहितो.

आमिषाबद्दल थोडक्यात सांगतो. तेथे कणकेची गोळी कामाची नाही, कारण बास हा शिकारी मासा आहे. लहान माशाच्या आकाराचे लांबट कृत्रिम आमिष, ज्याला तेथे जर्कबेट म्हणतात, त्यातील पाण्यात अधांतरी स्थिर राहणारा प्रकार घ्यावा. दोन हलके झटके द्यावेत आणि मग थांबावे. पाणी ७-८ अंश असेल तर मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. आपल्याला हे थांबणे फार लांबल्यासारखे वाटेल, परंतु मासा बहुतेक वेळा याच स्थिर क्षणी आमिष घेतो. दुसरे आमिष म्हणजे जिग, म्हणजे शिशासारखे जड डोके असलेला गळ व त्यावर रबरी शेपटी, जी तळावरून सावकाश सरपटत आणावी. तळाशी राहणारा चिंगाटीसारखा क्रेफिश हे बासचे आवडते खाणे असल्याने विटकरी-तांबूस रंग या ऋतूत चालतो. पाणी १२ अंशांच्या वर गेले की खडखड आवाज करणारी आमिषे थोडी वेगाने ओढून पाहण्यास हरकत नाही. रीळ, रॉड यांवर फार खर्च करू नये. दहा-बारा पौंड ताकदीचा दोर आणि मध्यम ताठर रॉड एवढे पुरेसे आहे.

दोन गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळाव्यात. पहिली परवान्याची. मिशिगनमध्ये १७ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकास मासेमारीचा परवाना लागतो आणि तो पाहुण्यालाही लागतो. तेथील परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून मार्चअखेरीस पोहोचल्यावर घाईने जुन्या वर्षाचा परवाना घेऊन फसू नये. बास पकडून लगेच सोडून देण्यास तेथे वर्षभर मुभा आहे, परंतु तो घरी नेण्याचा हंगाम मेच्या अखेरीस सुरू होतो व काही पाण्यांत त्याहीनंतर. राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते दरवर्षी नियमावली काढते, ती मुलाकडून आधी वाचून घ्यावी.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती मी अधिक कळकळीने लिहीत आहे. आपण भीमेच्या पाण्यात पोहणारी माणसे. ५-६ अंशांचे पाणी म्हणजे काय, याची आपल्या शरीराला कल्पनाच नसते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात अनावर धाप लागते, साधारण दहा मिनिटांत हातापायांतील बळ जाऊन पोहता येईनासे होते, आणि हे उत्तम पोहणाऱ्याच्या बाबतीतही घडते. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले, ते तर उन्हाळ्यातील कोमट पाणी होते. म्हणून होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसावे. होडीत नुसते ठेवून दिलेले जॅकेट उपयोगाचे नसते. काठावरूनच मासेमारी करायची असली तरी एकट्याने जाऊ नये.

प्रश्न : बास म्हणजे आपल्याकडे हॉटेलात मिळणारा बासा का? की तो कोकणातला जिताडा? मत्स्यविक्रेत्यांकडे दोन्ही नावे ऐकली आहेत.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : दोन्ही नाही. बासा या नावाने विकला जातो तो पंगास, हा मूळचा आग्नेय आशियातील शिंगाडा-शिवड्याच्या जातकुळीतला, बिनखवल्यांचा मासा आहे. जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी-बास म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. तो गोड्या पाण्यातही वाढतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला समुद्राकडे जावे लागते. वर ज्याच्याविषयी लिहिले तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील गोड्या पाण्याचा रहिवासी असून तेथील सनफिश कुळातला आहे. हिरवट अंग, कुशीवरून जाणारा काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा जबडा, ही त्याची ओळख. त्याचाच भाऊ स्मॉलमाउथ बास तपकिरी असतो, त्याचा जबडा डोळ्यापलीकडे जात नाही आणि त्याला खडकाळ तळ व स्वच्छ पाणी अधिक मानवते.

प्रश्न : माझी सून व नातू अमेरिकेत असतात. मुलगा तलावातून बास आणतो. मी गेले की त्याला आपला काळा मसाला घालून कालवण करायचे मनात आहे. हा मासा खाण्यास कसा असतो? सून गरोदर असल्यामुळे विचारते.
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण सुनेचा उल्लेख केलात, हे फार बरे झाले. बासचे मांस पांढरे, घट्ट आणि चवीला सौम्य असते, तेव्हा कालवण उत्तमच होईल. परंतु बास हा लहान मासे खाऊन मोठा होणारा शिकारी मासा आहे आणि हवेतून व पाण्यातून आलेला पारा अशा माशांच्या अंगात वर्षानुवर्षे साठत जातो. मासा जितका मोठा व वयस्क, तितका पारा अधिक. तो चरबीत नसून मांसात असतो, त्यामुळे कातडी काढून, धुऊन किंवा कितीही शिजवून तो जात नाही. गर्भातील बाळाच्या मेंदूच्या वाढीला तो अपायकारक असल्यामुळे गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी तेथील राज्यांची आरोग्य खाती तलावनिहाय सूचना देतात. कोणत्या तलावातील कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे त्यांत लिहिलेले असते. मुलाला आपल्या तलावाची सूचना पाहण्यास सांगावे आणि ती पाहीपर्यंत सुनेला व नातवाला बास देऊ नये. घरी खाण्यासाठी त्याच तलावातील ब्लूगिलसारखे लहान मासे अधिक योग्य असतात, आणि काळ्या मसाल्यात तेही छान लागतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. बास पकडण्याच्या चित्रफिती पाहून मला व माझ्या मित्रांना या खेळाचे वेड लागले आहे. बासची पिल्ले मागवून आमच्या शेततळ्यात आणि पुढे उजनीत सोडली, तर सोलापूर जिल्ह्यात पर्यटन वाढेल असे आम्हाला वाटते. हे शक्य आहे का?
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : आपला उत्साह मला मनापासून आवडला, म्हणूनच स्पष्ट लिहितो : हे करू नये. परदेशी जातीचा मासा शासनाच्या परवानगीशिवाय आणणे व नैसर्गिक पाण्यात सोडणे नियमबाह्य आहे. परंतु नियम नसता तरीही माझे उत्तर हेच राहिले असते.

जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास सोडला गेला. पुढे तो एकेक करत देशभरच्या पाण्यांत पोहोचला आणि १९७४ साली जपानमधील सर्वांत मोठ्या बिवा सरोवरातही आढळला. बासच्या वजनाचा जागतिक विक्रम १९३२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या सुमारे १०.०९ किलोच्या माशाचा होता. त्याची बरोबरी २००९ साली मानाबु कुरिता यांनी केली, ती याच बिवा सरोवरात. आपल्या मित्रांना ही गोष्ट मोहक वाटेल. पण त्याच सरोवराच्या काठचे लोक काय करतात तेही पाहावे. तेथील देशी मासे घटल्यामुळे बिवा ज्या शिगा प्रांतात आहे, त्या प्रांताने पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई केली आणि २००५ साली जपानने उपद्रवी परकीय जातींविषयीच्या कायद्याखाली बासची वाहतूक व पालन यांवर निर्बंध घातले.

ग्वातेमालातील आतितलान सरोवराची हकीकत तर अधिक दुःखद आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तेथे पर्यटकांसाठीच, म्हणजे आपल्या मनात आहे त्याच हेतूने, बास सोडला गेला. त्या एकाच सरोवरावर राहणारी, उडता न येणारी एक टिबुकली, म्हणजे बुडी मारून खाद्य शोधणारा पाणपक्षी, होती. बासने तिचे खाद्य असलेले खेकडे व लहान मासे फस्त केले आणि तिची पिल्लेही गिळली. १९६० साली सुमारे २०० असलेली तिची संख्या पाच वर्षांत सुमारे ८० वर आली. पुढे काठच्या बोरूची तोड आणि १९७६च्या भूकंपानंतर घटलेली पाण्याची पातळी यांचीही भर पडली, आणि आज ती टिबुकली पृथ्वीवर कोठेही नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणपासून करमाळ्यापर्यंत हिवाळ्यात आपण टिबुकल्या, वारकरी नावाचे पाणपक्षी, बदके पाहतो. त्यांच्या पिल्लांखाली असा मासा फिरू लागला तर काय होईल, याची कल्पना यावरून करावी.

शिवाय बासला थंडीची गरज असते आणि सोलापुरात तो तगणार नाही, या समजुतीवर विसंबू नये. अमेरिकेच्या दक्षिणेकडील फ्लोरिडा व टेक्सासच्या उष्ण पाण्यात तो उत्तम वाढतो. उजनीने परक्या माशांचा भार आधीच पुष्कळ सोसला आहे. मूळची आफ्रिकेतील आणि १९५२ साली भारतात आणलेली चिलापी आज तेथील जाळ्यांत किती येते, हे भिगवणच्या मासळी बाजारात एक सकाळ उभे राहिल्यास दिसेल. थाई मांगूर या नावाने पसरलेल्या आफ्रिकी माशाच्या पालनावर २००० साली बंदी आली, तरी तो अजून अधूनमधून चोरून पाळलेला सापडतो. एकदा धरणात गेलेला मासा परत काढता येत नाही. शेततळेही त्याला अपवाद नाही, कारण एका जोराच्या पावसात ते भरून ओढ्याला मिळते आणि ओढा भीमेला.

प्रश्न : मी करमाळा तालुक्यात राहतो. अमेरिकेत वसंताच्या आरंभी बासची जशी मासेमारी करतात, तशी आपल्या तलावांत कोणत्या माशाची करता येईल? आणि त्यासाठी काय पाळावे?
— एक वाचक, करमाळा, जि. सोलापूर

उत्तर : याआधीच्या प्रश्नकर्त्या विद्यार्थ्यानेही हे उत्तर वाचावे, कारण त्याला हवा तो मासा आपल्या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो म्हणजे मरळ. बासप्रमाणेच तो दबा धरून शिकार करतो, बासप्रमाणेच कृत्रिम आमिषावर झडप घालतो आणि बासप्रमाणेच पोटच्या पिल्लांची राखण करतो. सोलापुरातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबांत त्याला कोरमेनु म्हणतात व त्याचा मान मोठा आहे. शेजारच्या तेलंगणाचा तर तो राज्यमासाच आहे.

ऋतूचे म्हणाल तर आपल्याकडे बर्फ नाही आणि मिशिगनमध्ये ज्या तापमानाला बास घरटी करतो, त्याहून आपल्या तलावांचे पाणी बहुधा पौषातही अधिक उबदार असते. तरीही थंडीत मरळ सुस्तावतोच. गड्ड्याची यात्रा होऊन गेली, माघ सरत आला आणि रात्रीचा गारवा ओसरू लागला की तो पुन्हा काठच्या पाणवनस्पतींत हिंडू लागतो. याच सुमारास उजनीतून कालव्यांना व नदीला आवर्तने सुटून फुगवट्याचे पाणी मागे सरकू लागते आणि लहान मासे उरलेल्या उथळ खाड्यांत दाटतात. मरळ तेथेच त्यांच्या मागावर असतो. फाल्गुन ते चैत्र हा आपला काळ धरावा. वैशाखात दुपारी काठावर उभे राहणे माणसालाच सोसत नाही.

वेळ मात्र मिशिगनच्या उलट, म्हणजे उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत आणि ऊन कलल्यानंतर. मरळाला कल्ल्यांबरोबरच वरची हवाही घ्यावी लागते, म्हणून तो दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो. तो बारीक बुडबुडा व पाण्यावर उमटणारे वर्तुळ पाहण्यास डोळे सरावले की मासा शोधण्याचे अर्धे काम झाले. काही वेळ नुसते बसून पाहावे, गळ टाकण्याची घाई करू नये. आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक उत्तम, ज्याचे गळ अंगाला चिकटून असल्याने तो जलपर्णी व कमळाच्या पानांवरून न अडकता सरकतो. जिवंत बेडूक वापरण्याची जुनी रीत सोडून द्यावी. मोठ्या रानबेडकाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि शेताला त्याचा उपयोग गळापेक्षा कितीतरी मोठा आहे. दोर विणीचा व भक्कम, तीस-चाळीस पौंडांचा असावा, कारण लागलेला मरळ पहिल्याच हिसक्यात वेलींत घुसतो. पाणी फुटून बेडूक दिसेनासा झाला तरी लगेच ओढू नये. दोन आकडे मोजावेत, दोर ताणला गेल्याचे हाताला जाणवले की मगच रॉड उचलावा.

परवानगीविषयी एवढेच की आपल्याकडील बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांनी बीज सोडलेले असते, त्यावर त्यांची घरे चालतात. हौशी माणसाने संस्थेच्या माणसाला भेटून, विचारून, सांगतील ते शुल्क देऊनच गळ टाकावा. भिगवण परिसरात चिखलाच्या उथळ पट्ट्यांत रोहित पक्षी चरत असतील तर त्या बाजूला फिरकू नये.

आता पाळण्याच्या गोष्टीविषयी, जिच्यासाठी मी पहिल्या उत्तरात बासच्या घरट्याचा विषय राखून ठेवला होता. पाणी १५ ते २० अंशांच्या दरम्यान आले की नर बास कमरेएवढ्या किंवा त्याहून कमी पाण्यात, रेती वा खडीच्या तळावर शेपटीने झाडून ताटासारखा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि नर तेथेच थांबतो. अंडी फुटेपर्यंत, आणि त्यानंतरही पिल्लांचा थवा सावरेपर्यंत, तो जवळजवळ काही न खाता पहारा देतो. घरट्यावर आलेल्या कोणत्याही वस्तूवर तो तुटून पडतो, त्यामुळे त्याला पकडणे अगदी सोपे असते. परंतु त्याला पाण्याबाहेर काढून छायाचित्र घेईपर्यंत टपून बसलेले ब्लूगिल अंडी खाऊन टाकतात. मासा जिवंत सोडला तरी घरटे गेलेले असते. म्हणून जुळे सोलापूरच्या वाचकांना माझी विनंती आहे की मेच्या मध्यावर काठाशी असे झाडलेले पांढुरके खळगे दिसू लागले की त्या काठावर आमिष टाकू नये.

मरळाचे हेच काम आपल्याकडे प्रामुख्याने पावसाळ्यात चालते, पण पाणी अनुकूल असेल तर इतर महिन्यांतही पिल्ले दिसतात. तांबूस-केशरी पिल्लांचा दाट थवा पृष्ठभागावर उकळल्यासारखा हलत असतो आणि त्याच्या खाली आई-बाप असतात. मी विशीत असताना अशा थव्यात बेडूक टाकून साडेतीन किलोचा मरळ काढला होता आणि घरी सर्वांनी कौतुक केले होते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलो तेव्हा तेथे थवा नव्हता, दोन-चार पिल्ले काठाशी विखुरलेली होती आणि एक ढोकरी बगळा त्यांच्यापाशी उभा होता. ते दृश्य मी विसरलेलो नाही, आणि त्यानंतर थव्याखालचा मासा मी कधीही काढला नाही.

इतर वेळी लागलेला मासा सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात भिजवावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. हाच थर त्याला रोगांपासून वाचवतो. गळाचा उलटा काटा घरूनच पक्कडीने चेपून न्यावा, म्हणजे तो सहज निघतो. जड मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लोंबकळू देऊ नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा, आणि मरळाच्या तोंडात बोट मुळीच घालू नये, त्याचे दात बासपेक्षा फार तीक्ष्ण असतात. बासला पाण्यात आडवा धरून कल्ले नीट हलू लागेपर्यंत आधार द्यावा. मरळ हवेतही श्वास घेत असल्यामुळे अधिक काळ तग धरतो, पण म्हणून त्याला तापलेल्या खडकावर ठेवू नये. चैत्रातल्या सोलापुरी खडकावर त्याची कातडी काही क्षणांत भाजते.